तीस खुर्च्या, चार इमारती

३ मार्च, सकाळी
आणि शिवाय मावशींना हे कोणी सांगितलं की घरपट्टी वाढली त्याला मी जबाबदार आहे? मी घरपट्टी भरत नाही, वाढवत नाही, ती कशाशी खातात तेही मला माहीत नाही. मी फक्त संस्थेत नोकरी करतो. पण आमच्या ह्या घरमालकीणबाईंचं महिनाभर एकच पालुपद. तुझी संस्था टॅक्स भरत नाही, म्हणून पालिका तो आमच्याकडून काढते, म्हणून मी तो तुझ्याकडून काढणार. खोलीचं भाडं दोनशेने वाढवलं. खोली तीच. खिडकी तीच, जी उघडत नाही. नळ तोच, जो बंद होत नाही.

मी शांतपणे समजावलं की मावशी, संस्था गोरगरिबांसाठी दवाखाना चालवते, चांगल्या कामाला कुठेच टॅक्स नसतो. तर म्हणाल्या, दवाखान्याला कोण नावं ठेवतंय, माझा गुडघा तिथेच दुरुस्त झाला. पण ती बंद शाळा, ते गोदाम, ते थिएटर, तिथे कुणाचे गुडघे दुरुस्त करता रे तुम्ही?

मी उत्तर दिलं नाही. उत्तर होतं. वेळ नव्हता.

ठराव. एक, मावशींशी बोलणं बंद. दोन, रोज पहाटे व्यायाम. तीन, धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या कोर्सची फी, नऊ हजार, पूर्ण, एकरकमी, ३० एप्रिलच्या आत पाठवणे. त्यानंतर तिची जागा दुसऱ्या मुलीला देतात. हे काल फोनवर घरच्या सगळ्यांसमोर जाहीर केलं आहे. फोन स्पीकरवर होता. भावोजी म्हणाले, मेहुणे, आकडा पुन्हा सांगा, इकडे आवाज फाटतोय. पुन्हा सांगितला. आवाज अजिबात फाटत नव्हता.

३ मार्च, दुपारी
मावशींशी बोललो. किल्ली खोलीत राहिली होती.

५ मार्च
व्यायाम उद्यापासून. आज महत्त्वाचं.

संस्थेत माझी पोस्ट प्रॉपर्टी असिस्टंट. कार्डावर 'मदतनीस' असं आलंय, ती छापणाऱ्याची चूक. फोटोही चुकीचा आहे. म्हणजे माझाच आहे, पण शिंक येण्याच्या आधीचा.

काम जबाबदारीचं. दवाखाना सोडून संस्थेच्या आणखी चार इमारती आहेत. जुनी शाळा, गोदाम, थिएटर आणि नर्सेस क्वार्टर. शाळेत मुलं नाहीत, गोदामात माल नाही, थिएटरात खेळ नाही, आणि क्वार्टरमध्ये राहायला नर्सेस तयार नाहीत. मी रोज चारही ठिकाणी जाऊन कुलूप आहे की नाही ते बघतो. आजवर एकही कुलूप चोरीला गेलेलं नाही. ह्याची नोंद कुठे होत नाही, ही आपल्याकडची मानसिकता.

आज मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पालिकेने यंदा नवीनच खूळ काढलंय. नुसती संस्थेच्या नावावर आहे म्हणून इमारतीला टॅक्समाफी मिळणार नाही. लोकांच्या भल्यासाठी खरोखर वापरात असेल तरच. इन्स्पेक्टर येऊन डोळ्यांनी बघणार. आदल्या दिवशी पत्र येणार. साहेब म्हणाले, चारही इमारती वापरात दिसल्या पाहिजेत. मी विचारलं, वापरात आणायच्या का साहेब? त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. मग सावकाश म्हणाले, दिसल्या पाहिजेत.

समजलो. मोठ्यांचं बोलणं कळायला डोकं लागतं. मी सातवी पास आहे, आणि आठवीला तीन वर्षं होतो, म्हणजे शिक्षण दहावीपर्यंतचं धरायला हरकत नाही.

सामान मिळालं. निळ्या प्लॅस्टिकच्या तीस खुर्च्या, एक फळा, एक रजिस्टर, चहाचा मोठा थर्मास. शिवाय दवाखान्याच्या ड्रायव्हरकाकांचा टेम्पो. आज शाळा, उद्या गोदाम, तेच सामान फिरवायचं. साहेब म्हणाले, नीट पार पाडलंस तर पुढे प्रॉपर्टी ऑफिसरच्या जागेचा विचार करू.

ऑफिसर म्हणजे पगार तिप्पट असणार. धाकटीची फी एका पगारात निघाली. आता हिशेब करत बसायची गरजच उरली नाही. तरी झोप येईना. उठून खोलीत फेऱ्या मारल्या. खोलीत चार पावलं जाता येतं, चार परत.

९ मार्च
पहिली तपासणी. जुनी शाळा. यशस्वी.

नाव दिलं 'आरोग्य जागृती वर्ग'. फळ्यावर स्वतः 'हात धुवा' लिहिलं. खुर्च्या उतरवताना एकीचा पाय मोडला, तो टेम्पोतल्या पिवळ्या तारेने बांधला. ती मागच्या ओळीत कोपऱ्यात ठेवली. माणसं दवाखान्याच्या बाहेर नंबर लावून बसलेली असतातच. त्यांना म्हटलं चला, चहा आहे. सत्तावीस जण आले. एक आजोबा सारखे विचारत होते, माझा नंबर इथेच पुकारणार का? मी म्हटलं हो.

इन्स्पेक्टर म्हणजे एक बाई निघाल्या. मध्यम वयाच्या, अंगात हाताने विणलेला हिरवा स्वेटर, हातात वही. बोलणं कमी. तीस खुर्च्यांतून नेमक्या पिवळ्या तारेच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. उठताना स्वेटरचा धागा तारेला अडकला आणि तुटला. वीतभर हिरवा धागा तारेवर लोंबत राहिला. मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, असू द्या.

विचारलं, वर्ग कधी असतो? मी म्हटलं, नेहमी. म्हणजे कोणत्या वारी? मी म्हटलं, उदाहरणार्थ, आज. त्यांनी लिहून घेतलं. लिहून घेतात म्हणजे चांगलंच असणार. वाईट माणूस लक्षात ठेवतो, लिहायला लागत नाही.

१४ मार्च
बूट घेतले. तपकिरी, चामड्याचे, पुढे टोकदार. सातशे. ऑफिसरच्या पोस्टला ह्या चपला शोभणार नाहीत, पोस्ट आल्यावर धावपळ नको. पैसे संस्थेतून ॲडव्हान्स घेतले, पगारातून कापतील.

चावतात. पण चांगल्या बुटाने आधी चावायचंच असतं.

ड्रायव्हरकाकांनी बघितले आणि म्हणाले, साहेब, बूट पुढे आलेत, पोस्ट मागून टेम्पोने येतेय का? हा माणूस पंचवीस वर्षं एकाच गिअरमध्ये आयुष्य चालवतोय. मी लक्ष दिलं नाही.

१६ मार्च
फार मोठी कल्पना सुचली. संस्था लोकांचं भलं करते म्हणून तिला माफी. मी त्या संस्थेचा माणूस. म्हणजे मीसुद्धा एक प्रकारे धर्मादाय. मग मलाही भाडेमाफी मिळायला हवी. कागदावर रीतसर अर्ज लिहिला आणि मावशींना दिला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. म्हणाल्या, नियम काय आहे? वापरात असेल त्यालाच माफी ना? मग आधी तू वापरात असल्याचं दाखव. त्या दोन बादल्या वर आणून ठेव.

बादल्या आणून ठेवल्या. मग म्हणाल्या, आता बघू, पुढच्या वर्षी तपासणी करू.

अर्जाच्या मागच्या बाजूला दुधाचा हिशेब लिहिलाय. ह्या शहरात विचार करणाऱ्या माणसाला किंमत नाही.

१८ मार्च
गोदाम. 'ज्येष्ठ नागरिक वाचनालय'. पुस्तकं म्हणून दवाखान्याच्या रद्दीतल्या जुन्या फायली लावल्या, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. लांबून भारदस्त दिसत होत्या. नंबरवाले आजोबा आजही होते. चहासाठी येतात की वाचनासाठी, कळलं नाही. एक फाइल उघडून बसले होते आणि शेजाऱ्याला म्हणत होते, ह्या माणसाची साखर फार आहे हो.

बाई आल्या. सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि पुन्हा कोपऱ्यातल्या तारेच्या खुर्चीपाशीच गेल्या. काही माणसांना ठरावीक जागा लागते. तारेवरचा हिरवा धागा त्यांनी अलगद सोडवला, बोटाला गुंडाळला आणि वहीत ठेवून दिला. फार नीटनेटक्या आहेत. कचरा दिसला की उचलतात.

जाताना म्हणाल्या, खुर्च्या चांगल्या जपल्यात तुम्ही. मी म्हटलं, आपलं सगळं लक्ष असतं मॅडम. अख्ख्या संस्थेत माझ्या कामाची तारीफ करणाऱ्या पहिल्या त्याच. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, आणखी काय म्हणाली? मी म्हटलं, बस एवढंच. साहेब नखं खात होते. हाताखालचा माणूस पुढे जायला लागला की होतं असं.

२३ मार्च
मावशींचा पाय मुरगळला. आमच्या गल्लीतले दोन दिवे महिन्यापासून बंद. पालिका म्हणते दिव्यांना पैसे नाहीत. कचऱ्याची गाडी रोज यायची, ती आता आठवड्यातून एकदा, म्हणून लोक कोपऱ्यावरच पिशव्या टाकतात. मावशी संध्याकाळी पिशवी ठेवायला गेल्या आणि अंधारात त्या ढिगावरूनच घसरल्या. मी खांद्याचा आधार देऊन दवाखान्यात नेलं. पट्टी फुकट बांधली. मी म्हटलं, बघा मावशी, संस्था कशी उपयोगाला येते.

म्हणाल्या, येते ना. पडायला अंधार पण देते आणि मग पट्टी पण देते.

म्हातारपणी माणूस कडवट होतो. त्यांच्या मिस्टरांनी ते घर बत्तीस वर्षं गिरणीत उभं राहून बांधलं. आता त्या म्हणतात, घरपट्टी अशीच वाढली तर दोन वर्षांत विकावं लागेल, आणि विकत कोण घेणार, तर तुमचीच संस्था, मग त्याचीही पट्टी माफ, मग ती शेजारणीच्या डोक्यावर. मी म्हटलं, मावशी, विकायची वेळ येणार नाही, मी ऑफिसर झालो की साहेबांशी बोलतो. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, आधी ते काढ, लंगडतोयस. आपण दोघं लंगडत गेलो तर लोक हसतील.

२७ मार्च
धाकटीचा फोन. हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, दादा, कॉलेजात चौकशी केली, चार हप्त्यांत भरता येतात. पहिला दोन हजार दोनशे पन्नासचा. तेवढा तीस एप्रिलच्या आत गेला तरी जागा राहते.

मी तिला चांगलं झापलं. हप्ते कोण भरतं? ज्यांच्या घरात कमावता भाऊ नाही ते. मी शब्द दिलाय ना, नऊ म्हणजे नऊ. ती म्हणाली, बरं दादा. मग म्हणाली, तू जेवतोस ना नीट? मी म्हटलं, मधे-मधे विषय बदलू नकोस.

आज पाव आणि अंडं. काल पाव. पण हे तात्पुरतं आहे.

भावोजी मागून ओरडले, मेहुण्यांना विचार, पेढी उघडली का तिकडे. मी फोन ठेवला. म्हणजे बॅलन्स संपला, पण मी ठेवणारच होतो.

१ एप्रिल
पत्र आलं. उरलेल्या दोन्ही इमारती एकाच दिवशी. उद्या. थिएटर दहाला, क्वार्टर पावणेअकराला. साहेबांनी तीनदा पत्र वाचलं आणि खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, आणखी तीस खुर्च्या आणाव्या लागतील. मी म्हटलं, साहेब, खर्च कशाला? मी आहे. पाऊण तासात तीस खुर्च्या हलवून दाखवतो.

टाइमटेबल बनवलं. दहा वीसला बाई थिएटरातून बाहेर. त्या पायी चालतात, मुख्य रस्त्याने वीस मिनिटं. आम्ही टेम्पोने मागच्या गल्लीतून, चार मिनिटं. उतरवून मांडायला दहा. सहा मिनिटं शिल्लक राहतात. त्यात मी केस विंचरणार.

ड्रायव्हरकाकांनी टाइमटेबल उलटं-सुलटं करून बघितलं. म्हणाले, ह्यात कचऱ्याची मिनिटं कुठे आहेत? मी म्हटलं, निगेटिव्ह बोलू नका.

२ एप्रिल, रात्री जेवणानंतर
आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

थिएटर व्यवस्थित झालं. 'संगीतोपचार केंद्र'. ड्रायव्हरकाकांचा रेडिओ पडद्यामागे लावला होता. मधे हवामानाच्या बातम्या लागल्या, पण कुणी हललं नाही. बाई दहा मिनिटांत बाहेर पडल्या. आम्ही खुर्च्या टेम्पोत टाकल्या आणि मागच्या गल्लीत शिरलो.

गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग. माणसापेक्षा उंच. गाडी आलेली नाही बारा दिवस. टेम्पो अडकला, पुढे जाईना, मागे येईना. ड्रायव्हरकाकांनी इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. मी विचारलं, आता? म्हणाले, आता तुझं टाइमटेबल पुढे चालव.

मी डगमगलो नाही. आठ खुर्च्या एकात एक घालून डोक्यावर घेतल्या आणि मुख्य रस्त्याने पळत सुटलो. बूट चावत होते. पहिल्या वळणावरच समोर इन्स्पेक्टर बाई. दुसरा असता तर गडबडला असता. मी डोक्यावरच्या खुर्च्या सावरत नमस्कार केला. त्या थांबल्या. म्हणाल्या, पडतील हो, द्या इकडे दोन. आणि खरंच दोन खुर्च्या घेतल्या. त्यातली एक पिवळ्या तारेची. सरकारी माणसात इतका साधेपणा मी कधी बघितला नाही.

पंधरा मिनिटं बरोबर चाललो. अशी संधी पुन्हा येत नाही, म्हणून मी माझ्या कामाची पूर्ण माहिती दिली. म्हटलं, मॅडम, लोक नुसता खर्च करतात, आम्ही ह्याच तीस खुर्च्यांवर चार केंद्रं चालवतो. शाळा, गोदाम, थिएटर, क्वार्टर. एकही खुर्ची महिनाभर रिकामी बसली नाही. त्यांनी विचारलं, आणि माणसं? म्हटलं, तीसुद्धा तीच, चहा एकाच थर्मासचा. विचारलं, तपासणी नसते त्या दिवशी? म्हटलं, त्या दिवशी कुलूप, आणि कुलूप माझ्या देखरेखीखाली. एकही चोरीला गेलेलं नाही.

हे ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, ह्याची नोंद व्हायला हवी. मी म्हटलं, मी तेच म्हणतोय कधीपासून.

मग त्याही बोलल्या. म्हणाल्या, शहराच्या मधल्या भागात शंभर इमारतींतल्या चाळीस माफीच्या आहेत. गटार शंभरांना लागतं, रस्ता शंभरांना, पैसे देतात साठ. दवाखान्याची माफी योग्यच आहे, तिथे लोक बरे होतात. पण कुलुपाला माफी कशाला? आग लागली तर बंब माफी विचारून जात नाही. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, थिएटरात वाळूची बादली आहे.

क्वार्टरच्या पायरीवर बसून त्यांनी माझं म्हणणं दोन पानं लिहून काढलं, मला वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, बघा हं, हे तुमचं निवेदन म्हणून जाईल, मी खरंच लिहिलंय ना? एक शब्द चुकीचा नव्हता. सही केली. खाली पद लिहायचं होतं. 'प्रॉपर्टी ऑफिसर' लिहिलं. 'होणार' लिहायला जागा नव्हती.

माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. घरी आप्पांनी नाही, शाळेत मास्तरांनी नाही. उद्या घरी फोन करतो.

३ एप्रिल
घरी सांगितलं की प्रमोशन जवळजवळ झालं. आई रडली. आप्पा म्हणाले, जवळजवळ म्हणजे किती? मी म्हटलं, सहीपर्यंत. भावोजी गप्प होते. हा माझ्या आयुष्यातला पहिलाच फोन ज्यात भावोजी गप्प होते.

७ एप्रिल
पालिकेकडून पत्र नाही. चांगली पत्रं उशिरा येतात.

साहेबांना बाईंबरोबरच्या गप्पांचं मुद्दाम सांगितलं नाही. सरप्राइज.

१२ एप्रिल
पत्र आलं.

साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून मोठ्याने वाचलं. संस्थेचे प्रॉपर्टी ऑफिसर यांच्या लेखी निवेदनानुसार त्याच तीस खुर्च्या चारही इमारतींत फिरवण्यात येत असल्याने, सोबत धाग्याचा नमुना जोडला आहे, दवाखान्याची माफी कायम ठेवून इतर चारही इमारतींना चालू वर्षापासून मालमत्ता कर लागू करण्यात येत आहे. साहेबांनी कागद खाली ठेवला. विचारलं, आपल्याकडे प्रॉपर्टी ऑफिसर कोण आहे? मी उभा राहिलो. उभाच होतो, पण जास्त उभा राहिलो.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तुला आम्ही चौकशी न करता ठेवलं ही आमची चूक.

नोकरी मीच सोडली. म्हणजे त्यांनी सांगितल्यावर लगेच सोडली, एक मिनिटही थांबलो नाही. बारा दिवसांचा पगार, त्यातून बुटांचा ॲडव्हान्स वजा, हरवलेला थर्मास वजा. जे उरलं ते विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, त्या खुर्च्या संध्याकाळपर्यंत संस्थेच्या कुठल्याही जागेत दिसल्या नाहीत पाहिजेत. त्याच तुझा पगार.

ड्रायव्हरकाकांनी टेम्पोने खुर्च्या मावशींच्या दारात आणून टाकल्या. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, साहेब, पंचवीस वर्षं मी ह्या खुर्च्यांसारखंच सामान इकडून तिकडे केलं, एकदाही कुणाला खरं सांगितलं नाही. तू एका महिन्यात सांगितलंस. मी म्हटलं, मी काही सांगितलं नाही, मी फक्त माहिती दिली.

१३ एप्रिल
दिवसभर चाललो. सगळ्या गल्ल्या पायाखाली घातल्या. बसायला कुठे जमेना. तीस खुर्च्या घरी आहेत.

१५ एप्रिल
ठराव. धंदा. खुर्च्या भाड्याने देणे. एक खुर्ची, एक दिवस, दहा. तीस खुर्च्या, तीस दिवस, नऊ हजार. फी बरोबर निघते. हे आधी कसं सुचलं नाही?

१९ एप्रिल
चार दिवसांत एक गिऱ्हाईक. नंबरवाले आजोबा. वाटेने जात होते, ओळखीची खुर्ची दिसली, बसले. विचारलं, नंबर कधी येणार? चहाही मागितला. दिला.

२२ एप्रिल
धाकटीचा फोन. नोकरीचं तिला आधीच कळलं होतं. माझ्या आवाजावरून म्हणे. मी म्हटलं, आवाज फाटतोय इकडे. ती हसली नाही. म्हणाली, दादा, मला हप्त्याचाच फॉर्म मिळालाय, मी भरून ठेवलाय. सत्तावीस मार्चलाच ठेवला होता. अडीचशे माझ्याजवळ आहेत, शेजारच्या काकूंच्या आईला रोज आंघोळ घालायला जाते त्याचे. उरतात दोन हजार. जमले तर बघ, नाहीतर पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरवतील. भावोजींनी स्थळ आणलंय, ते मला माहीत आहे आणि तिलाही. ती ते बोलली नाही.

मी म्हटलं, बघतो. एवढंच म्हटलं. आकडा सांगितला नाही.

२५ एप्रिल
मावशींच्या दारात खुर्च्या विकायला मांडल्या. चहावाल्याने दहा घेतल्या, घासाघीस करून. ड्रायव्हरकाकांनी सहा नेल्या, आधी म्हणाले कुठल्याशा गॅरेजात खपवतो. पैसे देताना म्हणाले मीच घेतोय. बसायला त्यांना एकच लागते.

उभा राहून पाय दुखले म्हणून पहिल्यांदाच एका खुर्चीवर बसलो. बऱ्या आहेत. जरा डुगडुगतात.

पालिकेच्या फळ्यावर लागलंय की पुढच्या वर्षी घरपट्टीत वाढ नाही, आणि कचऱ्याची गाडी एक दिवसाआड येणार. मावशींनी येऊन सांगितलं. म्हणाल्या, तुझ्यामुळे रे. मी म्हटलं, ह्यात माझा काही संबंध नाही. आणि खरंच नाही, मी तर उलट बाजूने होतो. त्या म्हणाल्या, असू दे, पण ह्या महिन्याचं भाडं देऊ नकोस. मी विचारलं, माफी? म्हणाल्या, माफी नाही, माझा पाय मुरगळल्यापासून तू वर आणतोस त्या बादल्यांचे. आणि ती तारेची खुर्ची इथे दारात ठेव, मला हवीय, कुणी नेऊ नये असं सांग.

तारेला अजून एक बारीक हिरवा तंतू आहे. मी काढला नाही.

२८ एप्रिल
उरलेल्या तेरा खुर्च्या भंगारवाल्याला. वजनावर. तिघांचे मिळून सतराशे तीस झाले. बूट ज्या दुकानातून घेतले तिथेच परत नेले. दुकानदार म्हणाला, वापरलेत. मी म्हटलं, दिसताहेत वापरल्यासारखे, पण एकाही कामाला आलेले नाहीत. साडेतीनशे दिले. चपलेत पाय मोकळे झाले.

एकूण दोन हजार ऐंशी.

सोमवारपासून बाजारात माल चढवायचं काम आहे. ड्रायव्हरकाकांच्या ओळखीने. पोस्टचं नाव विचारलं नाही.

२९ एप्रिल, दुपारी
पैसे पाठवायच्या काउंटरवर पाऊण तास रांग. क्लार्कने पैसे मोजले आणि विचारलं, संस्थेतर्फे पाठवताय का? संस्थेला पाठवायची फी माफ आहे, नुसतं कार्ड दाखवा. नाहीतर चाळीस पडतील.

कार्ड खिशात होतं. परत करायचं राहून गेलंय.

मागे बघितलं. सात-आठ जण उभे होते, बहुतेकांच्या हातात सुटे चाळीस.

कार्ड काढलं नाही. त्यावरचा फोटो चांगला नाही, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

धाकटीच्या नावाने पाठवले: दोन हजार चाळीस.